उंटाचं कडवं

आमच्या घरात लेकराला गाणं शिकवायचं तर आधी खोटं शिकवायचे. माझा आजा, म्हणजे मायचा बाप, शाहीर होता. त्याच्या गाण्यांवर आमच्या बाचा तमाशाचा फड चालायचा आणि फडावर आम्हा सगळ्यांची चूल. आज्यानं आपल्या प्रत्येक चांगल्या गाण्याला एक जादाचं कडवं करून ठेवलं होतं. चालीत चपखल बसायचं, पण गाण्याचा जीव काढून घ्यायचं. त्याला आम्ही चोरकडवं म्हणायचो. जत्रेत खेळ रंगात आला, आणि समोर दुसऱ्या फडाचा माणूस गाणं पाठ करून न्यायला बसलाय असा वहीम आला, की आमचे ढोलकीवाले चांदचाचा बोटातली चांदीची अंगठी ढोलकीच्या लाकडावर दोनदा वाजवायचे. टक, टक. लोकांना वाटे ठेक्यातच आहे. गाणाऱ्या बाईला मात्र कळायचं की आता खरं कडवं गिळायचं आणि चोराचं म्हणायचं. तो बिचारा खुशीत ते घेऊन जायचा, आपल्या फडात म्हणायचा, आणि पुढच्या जत्रेत आम्ही खरं म्हटलं की त्याचं हसू व्हायचं. म्हणून लेकराला आधी चोरकडवं. लेकराच्या तोंडाचा काय भरवसा? कुणी गुळाचा खडा दिला की म्हणून दाखवेल. खरं कडवं मिळायचं ते जरा समज आल्यावर, माणूस घरचं झाल्यावर.

कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, गावापासून जरा तुटून आमची चार खोपटी होती. दसऱ्यानंतर आम्ही गाड्या जुंपून बाहेर पडायचो ते पार पाऊस तोंडावर आला की परत. घरी असलो तरी घर कधी गप्प नसायचं. एकीकडं चांदचाचा ढोलकीला शाई भरायचे आणि बोटानं टिचक्या मारून कान लावून बसायचे. दुसरीकडं किसनमामा, आमचा सोंगाड्या, मायचा चुलतभाऊ, शेळीला उद्देशून भाषणं करायचा. बा टुणटुण्याची तार पिळायचा. आणि या सगळ्याच्या मधून मायच्या भाकरीची थाप. माय भाकरी थापतानाच गायची. मिरचीचा लाल भुरका, येसराची आमटी आणि तव्यावरून थेट हातात पडलेली ज्वारीची भाकर, त्याच्यासोबत तिचं गाणं. आता माझ्या सुना म्हणतात, आत्याबाई, तुम्हाला कुठलीच आमटी आवडत नाही. कशी आवडावी? त्या आमटीत गाणं नसतं ना.

तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं बाजाराचं. एक बाई नवऱ्याला बाजाराला धाडते आणि हे आणा, ते आणा म्हणते. धृपद असं:

बाजाराला जाता राया, येताना काय आणता?
कयाधूच्या काठावरती उभी मी, तुम्ही जाणता.

मग एकेक मागणी:

वसमतची आणा हळद, उन्हावानी पिवळी,
औंढ्याचा आणा चुडा, घालीन मी सावळी.

अशी मागण्यांची कडवी हसतखेळत जायची. लोक शिट्ट्या मारायचे. आणि मग शेवटचं कडवं यायचं, ते नवऱ्याचं. तो बाजार घेऊन येतो आणि काठावर कुणीच नसतं. त्या कडव्याला मोठमोठे बाप्ये पटक्याचा सोगा डोळ्याला लावायचे. कारण ते घडलेलं होतं. माझी आजी कयाधूवर धुणं धुवायला गेली, वरच्या अंगाला पाऊस झाला होता, लोंढा आला आणि ती गेली. आजा तेव्हा हिंगोलीच्या बाजारात तिच्यासाठी चुडा घेत होता. माय तेव्हा रांगती. आज्यानं पुढं ते गाणं केलं, आणि तरी त्यालाही चोरकडवं केलंच. फडाचं पोट त्याला कळत होतं. ते चोरकडवं असं:

हैदराबादचा आणा राया उंट मला बसायला,
उंटावरून घागर बुडवीन, लोक लागतील हसायला.

म्हणजे शेवटी रडवायचं तिथं उंट. मी लहानपणी हेच शिकले आणि मला ते फार आवडायचं. ज्या वर्षी मी पहिल्यांदा लुगडं नेसले, त्या वर्षी एका सकाळी मायनं चुलीपुढं जवळ बसवलं आणि भाकरी थापता थापता, पार हळू आवाजात, आज्याचं खरं कडवं मला दिलं. मी म्हटलं, "माय, मग उंट?" ती म्हणाली, "उंट चोराचा. हे आपलं. आता तू माझ्यामागं झील धरशील तव्हा हे म्हनायचं. पर चाचाची अंगठी वाजली तर न्हाई." झील धरायची म्हणजे मुख्य बाईच्या मागून सूर ओढायचा. मला इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं की त्या दिवशी मी शेळीशीसुद्धा बोलले नाही.

त्याच वर्षी ते सिनेमावाले आले.

उन्हाळ्याची सुरुवात होती, पण जत्रा बुडल्यानं आम्ही मधेच घरी परतलो होतो. जिनिंगचा हंगाम सरला होता. एक साहेब मोटारीतून आमच्या खोपटांपाशी उतरला, डोक्यावर सोला टोपी, पायात पांढरे बूट. आम्ही त्याला टोपीवाला साहेब म्हणायचो. त्यानं कुठल्याशा जत्रेत आमचा खेळ पाहिला होता म्हणे. त्याला आमचा खेळच्या खेळ सिनेमात उतरवायचा होता. गण, गवळण, लावण्या, किसनमामाची बतावणी, सगळं जसंच्या तसं. हिंगोलीच्या एका जिनिंगच्या आवारात तख्त घालून देतो, तुम्ही फक्त या आणि नाचा-गा, असं तो बोलला. बा ऐकून घेत होता आणि विड्याला चुना लावत होता. साहेब गेला तसा म्हणाला, "पुण्या-मुंबईत काय बाया मेल्या का? इतक्या लांब आमच्याच दारात काहून आला ह्यो?"

"चांगलं गातो म्हून आला आसंल," माय म्हणाली.

"चांगलं गातो म्हूनच तर भ्याव वाटतंय, गोदे."

बाला साहेबाचं काहीच पटलं नव्हतं. आमच्यात खेळ ठरला की विडा-सुपारी हातावर ठेवतात. साहेबानं कागद पुढं केला. मायनं भाकरी आणि भुरका वाढला तर तो "नको, पोटाला सोसत नाही" म्हणून डब्यातली बिस्किटं खात बसला. जो आपल्या घरचं खात नाही त्याच्या पोटात काय आहे कसं कळावं? हा बाचा सवाल. किसनमामानं त्यात भर घातली. "दाजी, मला तर वाटतंय त्यो सरकारी हाये. तो सिनेमाचा डबा तोंडापुढं धरून कोन कोन काय बोलतंय ते टिपून नेतोय." ते दिवसच असे होते. निजामाच्या मुलखात कोण कुणाचा माणूस, सांगता यायचं नाही. हिंगोलीत दोन माणसं पारावर बोलत बसली आणि तिसरा आला की बोलणं पावसापाण्यावर जायचं. आम्ही गाणारी माणसं, गाण्यात कधी काय निघेल याचा कुणाला भरवसा नाही, म्हणून खेळाला एखादा जमादार येऊन बसायचाच. पण बाची खरी भीती ती नव्हती. तो रोज घोळून घोळून एकच म्हणायचा: आजवर चोर कानात घालून न्यायचा, त्यातलं निम्मं वाटेत सांडायचं. हा तर डब्यात घालून नेणार, एक मात्रा सांडणार नाही. मग गावोगाव सिनेमाच्या तंबूत तुझी माय दिसंल. आपल्या फडाला कोण बोलवील?

तरी गेलो. काहून गेलो म्हणाल तर त्या साली अवकाळीनं दोन जत्रा बुडल्या होत्या आणि नाही म्हणायची ऐपत नव्हती. आणि दुसरं कारण माय. साहेबानं जाताना तिला सहज म्हटलं होतं, "बाई, तुम्ही-आम्ही जाऊ. हे राहील." ते वाक्य तिनं धरून ठेवलं. जायच्या आदल्या सकाळी ती पाट्यावर मिरच्या रगडत होती आणि बा दारात बसला होता. मी चुलीला फुंकर घालत होते, म्हणून सगळं ऐकलं.

"आवं," ती म्हणाली, "मी खरं कडवं म्हनावं म्हन्ते."

"कुठं?"

"त्या डब्याम्होरं."

बाचा चुना लावायचा हात थांबला. "याड लागलं का? सगळ्या मुलखाला देऊन टाकती?"

"माझा दादा गेला," बापाला ती दादा म्हणे, "त्याचा आवाज कुठं ऱ्हायला? कुनी ऐकला? माझ्या मायची तर सावली बी न्हाई. निस्तं ते कडवं हाये. तेवढं ऱ्हाईल."

"ऱ्हाईल. पर कुनाच्या नावानं? त्या टोपीवाल्याच्या."

"आपुन झाकून ठिवलं तर आपलं. अन् आपुन मेल्यावर?"

"शेवंतीला दिलंस की तू."

मायनं माझ्याकडं पाहिलं. वरवंटा जोरात ओढला आणि म्हणाली, "एका पोरीच्या तोंडावर किती वझं टाकता?" बा उठला. "चाचा अंगठी वाजवतील. तुझ्या दादानंच घालून दिलेली रीत हाये, माझी न्हवं," एवढं बोलून बैलांकडं गेला. मायनं पुन्हा मिरच्या रगडायला घेतल्या, कारण ते खरंच होतं.

जिनिंगच्या आवारात अजून सरकीचा वास होता आणि कोपऱ्याकोपऱ्यात कापसाचे पुंजके अडकलेले. मधोमध आमचं तख्त. पण समोर माणसं नाहीत! माणसांच्या जागी तीन पायांवर उभा तो डबा, त्याच्यामागं एक जण डोळा लावून, आणि बाजूला मोटारीत एक जण दोन्ही कानांवर वाट्या लावून बसलेला. एक डोळेवाला, एक कानवाला. आजही मला त्यांची नावं माहीत नाहीत. आम्ही जन्मभर गॅसबत्तीत नाचलेली माणसं. भर दुपारी एकमेकांची रंगवलेली तोंडं पाहिली तर हसावं का लाजावं कळेना. त्यात त्यांच्या माणसानं आमचा सफेदा पुसून पिवळट लेप लावला. किसनमामा आरशात बघून म्हणाला, "बाप्पा, कावीळ झाल्यावानी दिसून राहिलो. शेळीनं बी वळखलं नसतं."

आणि पहिल्याच दिवशी साहेब म्हणाला, आधी शेवटचा मुजरा घेऊ, ऊन चांगलं आहे. बाचा चेहरा उतरला. मुजरा म्हणजे खेळ संपला, लोकांनो, आता घरी जा. तो आधी करायचा? गणपतीला नमन न करता? "आमचा फड बुडवायचा इच्यार हाये का, साहेब?" बानं तोंडावर विचारलं. साहेब हसला. म्हणाला, "अहो, नंतर कापून जोडतात. तुम्ही काळजी करू नका." कापून हा शब्द ऐकून माय आणि मी एकमेकींकडं पाहिलं. मग बानं आपल्यापुरता तोडगा काढला. रोज सकाळी, साहेब उठायच्या आधी, ताडपत्रीआड आम्ही सगळे उभे राहून हळू आवाजात गण म्हणून घ्यायचो. तिथं कोपऱ्यात एक जमादार बाजेवर बसून असायचा. त्यालाही आमचा वहीम आला असावा. लपून काय म्हणतात म्हणून तो एकदा ताडपत्रीआड डोकावला आणि गणपतीचं नाव ऐकून खाली मान घालून परत गेला. म्हणजे बघा, आम्हाला साहेबाचा संशय, जमादाराला आमचा. साहेबाला कुणाचाच नव्हता. निदान तेव्हा तरी.

बाजाराचं गाणं आलं तो दिवस मला लख्ख आठवतो. माय मधे, मी तिच्या उजव्या अंगाला, मागं बा टुणटुणं घेऊन आणि चांदचाचा ढोलकी बांधून. पहिल्यांदा डबा लांब ठेवला, सगळं तख्त दिसेल असा. गाणं सुरू झालं. हळद झाली, चुडा झाला. शेवटच्या कडव्याआधी मागून आलंच, टक, टक. मायनं डोळे मिटले आणि उंट म्हटला. मीही मागून उंटाची झील ओढली. साहेब टाळ्या पिटत आला. "वा! उंट! काय कल्पना आहे! बाई, हेच, अगदी हेच पाहिजे मला." बा खाली बघून मिशीत हसला. चोर गळाला लागला होता.

मग साहेब म्हणाला, आता हेच परत, जवळून. डबा उचलून मायच्या तोंडापुढं आणला. इतका जवळ की त्या काचेत मला तिचं उलटं तोंड दिसत होतं, बोराएवढं. आता मी म्हातारी होऊन सांगते की तिनं आधीपासून ठरवलं होतं असं मला वाटत नाही. ती त्या काचेत बघत होती. तिलाही आपलं ते बोराएवढं तोंड दिसत असेल. तिच्या मायचं तोंड तिला आठवत नव्हतं, ती नेहमी म्हणायची, सगळे म्हणतात मी तिच्यावर गेले, तर मग ती अशीच दिसत असेल. गाणं चाललं. हळद. चुडा. मागून टक, टक. आणि मायनं खरं कडवं उचललं.

माझं तोंड आपोआप उघडलं आणि मी तिच्यामागं खरी झील धरली. उघड्यावर, दिवसा, पहिल्यांदा. चांदचाचांनी दोनदा इशारा दिलेला, पण हात त्यांचा चुकला नाही. त्यांनी हे कडवं माझ्या आज्याच्या तोंडाला वाजवलेलं होतं. ढोलकी एकदम आत गेली, घागर भरत आल्यावर आवाज कसा बदलतो तशी. मोटारीतल्या कानवाल्यानं दोन्ही हात वाट्यांवर दाबून धरले होते. बाजेवरचा जमादार उठून बसला होता. अर्धं कडवं झालं असेल नसेल.

"कट! कट! थांबा!" साहेब हात हलवत पुढं आला. रागात नव्हता, उलट समजुतीनं बोलला. "बाई, चुकलं. मघाचं उंटाचं म्हणा. हे त्याला जुळणार नाही."

माय म्हणाली, "चुकलं?"

"हो. दुसऱ्याच कुठल्या गाण्याचं आलं तोंडात. होतं असं. आणि हे फार रडकं आहे."

मागं टुणटुणं खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं बा आता मायवर खेकसणार. तो पुढं आला, साहेबासमोर उभा राहिला, आणि ज्या माणसानं जन्मभर ते कडवं झाकलं तो म्हणाला, "साहेब, बाई चुकली न्हाई. ह्येच खरं हाये. उंटाचं खोटं हाये."

साहेबानं टोपी काढली. घाम पुसला. "खोटं म्हणजे?"

"चोराला द्यायचं असतंय ते. तुमास्नी चोर समजून दिलं. आता खरं घ्या."

तो बाच्या तोंडाकडं बघतच राहिला, आणि मी त्याचा चेहरा बदलताना पाहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत तेच आलं जे आमच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून होतं. "म्हणजे मघाशी दिलं ते खोटं, आता देता ते खरं," तो सावकाश बोलला. "आणि उद्या म्हणाल हेही खोटं, तिसरं घ्या? हे बघा, मला फसवायचा विचार असेल तर सांगून टाका. ठरल्यापेक्षा जास्त मिळणार नाही."

"फसवत न्हाई, साहेब," बा म्हणाला. त्याचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. "तिच्या बापाचं हाये. इचारा चाचाला."

"सच है साब," चांदचाचा म्हणाले. "उस्ताद का असल यही है."

पण साहेबानं ऐकायचं सोडून दिलं होतं. आमचंच म्हणणं होतं ना, की चोराला काही कळू द्यायचं नाही? आज्यापासूनची शिकवण. ती एका दुपारी मागं कशी घ्यावी, बाला माहीत नव्हतं. तो तसाच उभा, हात जोडावे का काय करावं ते न कळून. तेव्हा माय बोलली. पदर सारखा केला आणि म्हणाली, "व्हय साहेब. माझंच चुकलं. उंटाचं म्हन्ते."

आणि म्हटलं की. एकदम झकास. हसून, मान वेळावून, डोळा मारून. मी मागून झील ओढली, पण माझ्या घशातून हवाच निघाली. कानवाल्याला ते कळलं असेल. सामान आवरताना तो मायपाशी आला आणि म्हणाला, "बाई, ते दुसरं पुरं म्हणून दाखवता का? फक्त मला." माय हसली. "नगं दादा," म्हणाली, "चुकतंय माझं." संध्याकाळी टोपीवाला साहेब आमच्या चुलीपाशी येऊन बसला आणि पहिल्यांदा भुरका मागून खाल्ला. नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ला. माणूस वाईट नव्हता. आम्ही सगळे खाली बघून जेवलो.

पुढं मुलखात बरीच धामधूम झाली, पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला. ते सगळं ज्यांनी लिहायचं त्यांनी लिहिलंय. त्या गडबडीतच केव्हातरी तो सिनेमा हिंगोलीत तंबूत आला. आम्ही सगळे गेलो. पडद्यावर मायचं तोंड खोपटाएवढं. मी तिच्या बाजूला, अर्धी कापलेली. उंटाचं कडवं आलं आणि तंबू नुसता पेटला. शिट्ट्या, टाळ्या, उडवलेल्या टोप्या. बा माझ्या शेजारी होता. एरवी चोरानं चोराचं नेलं की तो मांडीवर थाप मारायचा. त्या दिवशी त्याचे दोन्ही हात मांडीखाली होते.

आणि गंमत बघा. बाची सगळी भीती खोटी निघाली. फड बुडाला नाही, उलट आमंत्रणं वाढली. सिनेमातली बाई म्हणून मायला बघायला लोक गाड्या करून यायचे. वारंगा फाट्यावर चहाच्या दुकानात पोरं उंटाचं कडवं म्हणायची, गावोगाव बाया जात्यावर तेच म्हणायच्या, आणि ज्या फडांपासून आम्ही ते गाणं इतकी वर्षं वाचवलं तेही म्हणायचे. सगळे चोराचं म्हणत होते आणि हसू कुणाचंच होत नव्हतं.

मग साखऱ्याच्या जत्रेत मायनं एकदाच केलं. दुपारचा खेळ होता. तिनं बाच्याकडं बघितलं, बानं मान हलवली. चांदचाचांनी अंगठी वाजवली नाही. तिनं खरं कडवं सुरू केलं, मोकळ्या गळ्यानं, आणि मी मागं. पहिली ओळ झाली असेल. पुढून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, चुकलं! उंट ऱ्हायला की!" हसणं उठलं. दुसरा म्हणाला, "सिनेमातल्यावानी म्हना ना! येत न्हाई का?" दोन पोरं एकावर एक बसून उंट झाली आणि तख्तापुढं डुलायला लागली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हो. ती माणसं गाण्यावर जीव टाकणारीच होती. माय थांबली. तिनं मागं वळून चांदचाचांकडं पाहिलं आणि हळूच मान हलवली. आणि चाचांनी वाजवलं. टक, टक.

खेळ सुटल्यावर चाचा ढोलकी सोडत होते. त्यांनी अंगठी ओढून काढली. इतक्या वर्षांची, बोटाला तिथं पांढरा वळ पडला होता. माय म्हणाली, "काहून काढली, चाचा?" ते म्हणाले, "चोरी का माल अब सब के घर में है, बाई. इशारा किसकू करूं?" त्यानंतर मायनं ते कडवं फडात कधी म्हटलं नाही. भाकरी थापताना म्हणायची, दार ओढून घेऊन. कुणी आलं की थापेचा आवाज मोठा व्हायचा.

परवा माझ्या नातीच्या लग्नात त्या मोठ्या पेट्यांवर उंटाचं गाणं लावलं. नवं, धडधडतं. सगळे नाचले. नात मला ओढून म्हणाली, "आजी, ये ना, तुझ्या आईचंच गाणं आहे!" मी नाचले. नातीचं मन काहून मोडावं? पण घरी आल्यावर झोप येईना, म्हणून हे लिहायला बसले.

अजून सवय जात नाही. लिहिता लिहिता दोनदा उठून दार बघून आले. कोण घेऊन जाणार आहे? आणि नेलं तर बरंच होईल की. बा नाही, चाचा नाहीत, माय नाही. साऱ्या मुलखात हे एका म्हातारीच्या तोंडात आहे आणि तिचे दातही गेले. हे घ्या, माझ्या आज्याचं. मोठ्यानं म्हणा. लोक चुकलं म्हणतील, म्हणू द्या.

सारा बाजार आणला सखे, काठावरती मांडला,
चुडा हाय, पर हात कुठं गं? जीव पाण्याशी भांडला.
हळद तुझी वाहून गेली, पिवळी झाली कयाधू,
तुटलं ते मी कुण्या दोऱ्यानं, सांग सखे, आता सांधू?